हौशी कारागिरांची विमाने

विमाने केवळ मोठ्या कारखान्यांतच बनतात असे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणाऱ्यांची एक संस्था स्थापन केली. तिच्या स्थानिक शाखांतील सभासद एकमेकांच्या साहाय्याने छोटी विमाने बांधतात. एका विमानास कित्येक वर्षेही लागतात.

ॲल्युमिनियमच्या विमानाचे पत्रे हजारो रिव्हेटांनी जोडलेले असतात. एखादा रिव्हेट वाकडा बसला, तर तो काढून नवा ठोकावा लागतो. पंख बंद करण्यापूर्वी आतील काम जाणत्या सोबत्यास दाखवतात. कारण स्वतःची चूक स्वतःस सहसा दिसत नाही.

मग विमानाची तिन्ही चाके वजनकाट्यांवर ठेवून त्याचा गुरुत्वमध्य काढतात. तो फार मागे असेल, तर विमान हवेत आवरत नाही. पुढे विमान धावपट्टीवर नुसतेच धाववून ब्रेक व सुकाणू पारखतात. पहिले उड्डाण शांत हवेत व दाट वस्तीपासून दूर होते. त्यानंतरचेही साधारणतः 25 ते 40 तास परीक्षेचेच असतात. तोवर प्रवासी नेता येत नाही.

आकाशात बिघाड झाल्यास वाटेत थांबण्याची सोय नसते. म्हणून वाकडा रिव्हेट पुन्हा ठोकण्याचा जो कंटाळा करत नाही, त्यानेच उड्डाणाचे धाडस करावे.