हात बसेपर्यंत

एक छोटा प्रयोग करून पाहा. डावा तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट आत दुमडून टेबलावर टेकवा आणि बाकीची बोटे सरळ पसरलेली राहू द्या. आता अंगठा उचला, तो सहज उठतो. तर्जनी उचला, करंगळी उचला, त्याही उठतात. मग अनामिका उचलून पाहा. कितीही जोर लावला तरी ती जागची हलत नाही.

यात तुमच्या हाताचा दोष नाही, ही सगळ्यांच्याच हाताची रचना आहे. बोटे सरळ करणारा मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतो. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा चार बोटांकडे जातात आणि पंजाच्या पाठीवर त्या आडव्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचा एकेक जादा स्नायू मिळालेला आहे. मधले बोट आणि अनामिका यांना तो नाही. म्हणून मधले बोट दुमडले की त्याची ओढ अनामिकेलाही जखडते.

हा प्रयोग मला माझ्या भाच्यामुळे आठवला. तो पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि रात्री मित्रांबरोबर संगणकावर गेम खेळतो. गेल्या हिवाळ्यात त्याचे डावे मनगट करंगळीच्या बाजूने दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून विश्रांती आणि व्यायाम सांगितला आणि हात ठेवण्याची पद्धत बदलायला लावली. मग त्याने खेळण्यासाठी कीबोर्ड बाजूला ठेवला आणि एका हाताने वापरायचा गेमिंग कीपॅड आणला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, हात माझं ऐकतच नाहीये!"

त्याच्या या एका वाक्यात यंत्र, शरीर आणि मेंदू या तिघांची गोष्ट दडलेली आहे.

टाइपरायटरचा वारसा

कीबोर्डवरच्या बटणांच्या ओळी एकीखाली एक अशा सरळ नसतात. ‘ए’च्या ओळीपेक्षा वरची ओळ पाव बटण डावीकडे आणि खालची ओळ अर्धे बटण उजवीकडे सरकलेली असते. हाताच्या सोयीशी या तिरकेपणाचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांनी घडवलेला आणि रेमिंग्टन कंपनीने 1874 पासून विकलेला टाइपरायटर पाहिला की कारण कळते. प्रत्येक बटणाखाली एक लांब दांडी होती. या दांड्या एकमेकींना न अडता शेजारून जायच्या, तर बटणे थोडी तिरकी बसवणे भाग होते. पुढे दांड्या गेल्या, विजेचे टाइपरायटर आले, संगणक आले, तरी तिरपी मांडणी तशीच राहिली.

याचा भार डाव्या हातावर जास्त पडतो. बटणांच्या रांगा खालून वर जाताना डावीकडे झुकतात, तर डावा हात शरीराच्या डाव्या बाजूने येऊन वर जाताना उजवीकडे झुकतो. दोन्ही दिशा परस्परविरुद्ध. ही तडजोड मनगट करते आणि ते करंगळीच्या बाजूला वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास राहते.

गेम खेळणाऱ्यांनी या भारात आणखी भर घातली. सुरुवातीच्या काळात बहुतेक जण बाणांच्या बटणांनी चालत. उजवा हात माउसवर गेल्यावर डाव्या हाताला जागा शोधावी लागली आणि तो डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर येऊन स्थिरावला. ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने 1997 मध्ये ‘क्वेक’ची स्पर्धा जिंकली आणि गेमचे निर्माते जॉन कारमॅक यांची फेरारी गाडी बक्षीस मिळवली. त्यानंतर त्याची ही पद्धत घराघरांत पोचली.

आता या मांडणीत कोणत्या बोटाला काय काम आले ते पाहा. पुढे जाणे आणि मागे येणे हे दोन्ही मधल्या बोटाकडे. डावीकडे सरकणे अनामिकेकडे, म्हणजे त्याच बांधलेल्या बोटाकडे. धावण्यासाठी शिफ्ट आणि खाली बसण्यासाठी कंट्रोल दाबून धरायचे काम सर्वांत नाजूक करंगळीकडे. अंगठ्याच्या मुळाशी घोड्याच्या खोगिरासारखा सांधा असतो, त्यामुळे तो सर्व दिशांना फिरतो आणि हातातले सर्वांत समर्थ बोट ठरतो. त्याच्या वाट्याला मात्र उडी मारायचे एकच लांब बटण. ज्याच्या अंगात बळ त्याला बसवून ठेवले आणि ज्याला पेलत नाही त्याच्यावर ओझे टाकले, अशी ही कामाची वाटणी आहे.

हाताच्या मापाचे यंत्र

एकहाती कीपॅड ही वाटणी नव्याने करतो. पंजाएवढे हे उपकरण असते. तळहाताला टेकायला उशी, चार बोटांखाली बटणांच्या आखूड रांगा आणि अंगठ्यापाशी छोटी दांडी किंवा बटणांचा समूह. बेल्किनचा ‘नॉस्ट्रोमो’, लॉजिटेकचा ‘जी 13’, रेझरचा ‘टार्टारस’ ही या जातीची गाजलेली नावे. लाट्व्हियातल्या ‘अझेरॉन’च्या कीपॅडमध्ये तर प्रत्येक बोटासाठी वेगळा खांब असतो. बोटाच्या लांबीप्रमाणे तो पुढे-मागे करून बसवता येतो आणि बोट खाली दाबून, आत ओढून किंवा पुढे ढकलून वेगवेगळी बटणे चालवता येतात.

हालचाल अंगठ्याकडे जाते हा यातला सर्वांत मोठा बदल. बटण दाबलेले असते किंवा नसते, तिसरी अवस्था नाही. दांडी मात्र कोणत्याही दिशेला, थोडी किंवा पूर्ण कलवता येते. गेममध्ये तशी सोय असेल तर दबकत चालणे आणि धावणे एकाच बोटाने जमते. शिवाय हे उपकरण स्वतंत्र असल्यामुळे ते टेबलावर हवे तसे तिरके ठेवता येते आणि मनगट सरळ राहते.

उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताला खास त्याच्यासाठी केलेले यंत्र, ही कल्पना गेमच्या दुनियेपेक्षा जुनी आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी माउस प्रथम लोकांसमोर आणला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच बटणांची एक पट्टी होती. एका वेळी एक किंवा अनेक बटणे दाबून तिच्यावर 31 वेगवेगळे संकेत देता येत. माउस जगभर गेला, पट्टी मागे राहिली. माउस पाहताक्षणी कळतो, पट्टी मात्र शिकावी लागते. भाच्याची अडचणही याच ठिकाणी होती.

बोटांना येते, मनाला नाही

वर्षानुवर्षे टायपिंग करणाऱ्या माणसाला डोळे मिटून विचारा, ‘एम’च्या डावीकडे कोणते अक्षर आहे? तो अडखळेल. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराईतांना कोऱ्या कीबोर्डवर अक्षरे भरायला सांगितली होती. मिनिटाला सरासरी 72 शब्द टाइप करणाऱ्या या मंडळींना 26 पैकी सरासरी 15 अक्षरेच बिनचूक जागी लिहिता आली. म्हणजे हे ज्ञान बोटांपाशी होते, सांगता येत नव्हते.

अशा स्मृतीचा मेंदूतला मार्ग वेगळा आहे, हे एका रुग्णामुळे कळले. हेन्री मोलायसन यांच्यावर 1953 मध्ये अपस्माराची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांच्या मनात नव्या आठवणी साठेनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यांना दर वेळी काहीच आठवण नसे. प्रसंग आणि माहिती साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो. हाताच्या सवयी घडतात त्या लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूच्या खोल भागातील केंद्रे यांच्या जोरावर.

तबल्याच्या वर्गात हे रोज दिसते. नवा विद्यार्थी ‘तिरकिट’ वाजवताना चार आघात मोजून करतो. रियाजानंतर त्याच्या लेखी चार आघात उरत नाहीत, एकच बोल उरतो. मेंदू सुट्या हालचालींची अशी गाठोडी बांधतो आणि एका हाकेसरशी पूर्ण गाठोडे उलगडते. भाच्याच्या डाव्या हातात ‘पुढे जा’ म्हणताच मधले बोट दाबणारे गाठोडे दहा वर्षांचे पक्के होते. कीपॅडवर तेच काम अंगठ्याचे झाले आणि मधल्या बोटाखाली बंदूक बदलण्याचे बटण आले. शत्रू समोर आला की जुने गाठोडे आधी सुटायचे. नवशिक्याला हा त्रास नसतो, कारण त्याच्या हातात आधीचे काहीच नसते. म्हणून जाणत्या माणसाला बदल जास्त जड जातो.

हे मी स्वतः अनुभवले आहे. साताऱ्याच्या टायपिंग क्लासमध्ये मी रेमिंग्टन पद्धतीने मराठी शिकलो. तिथे अक्षर जसे दिसते तसे टाइप करायचे, म्हणून ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. पुढे इन्स्क्रिप्टवर आलो. तिथे उच्चाराचा क्रम, ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अशी ती शहाणी मांडणी आहे. पटायला एक क्षण पुरला. बोटांना पटायला दोन महिने लागले.

झोपेतली शिकवणी

या दोन महिन्यांत नेमके काय घडते? 2002 मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी उजवखोऱ्या लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी ठरावीक क्रमाने बटणे दाबायला लावली. दिवसभर जागे राहिल्याने वेग फारसा वाढला नाही. रात्रीच्या झोपेनंतर मात्र, मधे जादा सराव न करता, तो सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. सराव आपण जागेपणी करतो आणि त्याची घडी मेंदू झोपेत बसवतो. म्हणून एका रात्रीत सलग सहा तास झटण्यापेक्षा रोज अर्धा तास सराव आणि पुरेशी झोप हा मार्ग सरस आहे.

प्रगतीचा आलेखही ठरावीक असतो. ई. आर. क्रॉसमन यांनी 1959 मध्ये चिरूट वळणाऱ्या कामगारांचा वेग अभ्यासला. सुरुवातीला तो झपाट्याने वाढतो, पुढे वाढ मंदावते, पण लाखो चिरूट वळल्यानंतरही ती चालूच असते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचा हात ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. नव्या उपकरणाशी झुंजणाऱ्याने यातून एक दिलासा घ्यावा: सर्वांत अवघड दिवस सर्वांत आधी येतात आणि वेगाने सरतात.

भाच्याला मी चार गोष्टी सुचवल्या. बोटे सैल सोडल्यावर जिथे पडतात तिथे बटणे येतील, असा कीपॅड आधी बसवून घे. पहिल्या आठवड्यात सहा-सातच बटणे वापर. पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ वाढतो, हे विल्यम हिक यांनी 1952 मध्येच मोजून दाखवले आहे. जी कामे बोटाला त्रास देत नव्हती, ती त्याच बोटाकडे राहू दे. आणि स्पर्धेत उतरण्याआधी संथ गेमवर सराव कर. कीबोर्ड मात्र टाकायचा नाही, कारण संदेश आणि प्रोग्रॅम लिहायला तोच लागतो. घरी मालवणी आणि ऑफिसात प्रमाण मराठी बोलणारा माणूस जसा गोंधळत नाही, तसे हातालाही दोन भाषा येऊ शकतात.

कीपॅड हे औषध नाही, हेही सांगायला हवे. करंगळीचे ओझे उतरले तरी ते अंगठ्यावर चढते आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधाही दुखू शकतो. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर उपकरण बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि कोणत्याही यंत्रावर हाताला मधूनमधून विश्रांती हवीच.

या विषयाची मला आस्था वाटते ती केवळ खेळापुरती नाही. ज्यांना एकच हात वापरता येतो, त्यांच्यासाठी ऑगस्ट ड्वोराक यांनी फक्त डाव्या आणि फक्त उजव्या हाताच्या मांडण्या तयार केल्या होत्या. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला एकहाती यंत्रामुळे पुन्हा लिहिता येऊ शकते, काम करता येऊ शकते. माणसाने यंत्राच्या मापाचे व्हायचे, हा दीडशे वर्षांचा रिवाज आहे. यंत्र माणसाच्या हाताच्या मापाचे करता येते, हे एवढेसे उपकरण दाखवून देते. पण तो हात घडायला जो वेळ लागतो, तो आपण स्वतःला आणि दुसऱ्यालाही द्यायला हवा.

तिसऱ्या आठवड्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. अर्धा तास तो आदल्या रात्रीच्या सामन्याबद्दल बोलत होता. कोण कुठून आला, कोणी कोणाला वाचवले, शेवटच्या मिनिटाला डाव कसा फिरला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की एवढ्या बोलण्यात कीपॅडचा शब्दही निघाला नव्हता. हात बसला होता.