लांबीचा मोह आणि ताठरतेचे मोल

विवाह ठरलेला तरुण दवाखान्यात येतो. प्रथम पोटाची तक्रार सांगतो, मग झोपेची. तपासणी आटोपते, तो दारापर्यंत जातो आणि परत फिरून, खाली मान घालून विचारतो, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशनने लांबी वाढते का हो?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकला असेल. त्याला हसून वाटेला लावणे सोपे आहे. परंतु मग तो भिंतीवरच्या जाहिरातीकडे वळतो, किंवा एखाद्या चकचकीत सौंदर्यकेंद्राकडे.

म्हणून या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते, ते त्याला स्वच्छ शब्दांत सांगावयास हवे. शिश्न जघनास्थींच्या सांध्याला एका अस्थिबंधाने टांगलेले असते. हा बंध छेदला की आत दडलेला भाग थोडा पुढे सरकतो. शिथिल अवस्थेत अवयव लांब भासतो. ताठर अवस्थेतील लांबीत मात्र खरी भर पडत नाही. लंडनमधील शल्यविशारदांनी २००६ साली अशा ४२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सरासरी वाढ होती १.३ सेंटीमीटर, आणि समाधानी रुग्ण अवघे ३५ टक्के!

आता ताठरतेविषयी. कॉर्पोरा कॅव्हर्नोजा या स्पंजासारख्या दोन स्तंभांत रक्त भरून ते कोंडले गेले की ताठरता येते. नायट्रिक ऑक्साइड या कार्यात दूताचे काम करते. रक्ताभिसरणातील त्याच्या कार्याच्या शोधालाच १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. अस्थिबंध छेदल्याने या यंत्रणेला कोणतेही नवे बळ मिळत नाही. उलट ताठर शिश्नाला मुळाशी स्थिर धरणारा आधारच जातो. ताठरता येते, पण तिचा रोख खाली झुकतो, अवयव डगमगतो आणि समागम अवघड होऊ शकतो. जखम भरताना व्रणाने बंध पुन्हा आखडला, तर लांबी पूर्वीपेक्षाही घटते. जवळून जाणाऱ्या चेतातंतूंना इजा झाल्यास संवेदना मंदावते.

जाडीसाठी टोचलेली चरबी बरीचशी विरघळते आणि उरते ती गाठींच्या रूपाने. स्वीडनमध्ये अशा शस्त्रक्रियेच्या वेळी चरबीचे कण रक्तप्रवाहात शिरून एका निरोगी तरुणाचा मृत्यू ओढवल्याचे २०१७ साली नोंदले गेले. या दोन्ही पद्धती सुरक्षित वा गुणकारी ठरलेल्या नाहीत, असे अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ सालीच जाहीर केले होते.

याहून सूक्ष्म हानी मनाची होते. अपेक्षाभंग झालेला पुरुष शय्येवरही स्वतःचे परीक्षण करीत राहतो. भीतीने ॲड्रिनॅलिन स्रवते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पूर्वी सहज येणारी ताठरता हरवते. जे नीट चालत होते, तेच बिघडते.

मग करावे काय? प्रथम मोजपट्टी घ्यावी. २०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापे एकत्र अभ्यासण्यात आली. ताठर अवस्थेतील सरासरी १३.१२ सेंटीमीटर भरली. ताणलेली लांबी ७.५ सेंटीमीटरहून कमी असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे १९९६ साली सुचविले गेले. इटलीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'लहान' म्हणून तक्रार घेऊन आलेल्या ६७ पुरुषांपैकी एकाचेही माप खरोखर तसे नव्हते.

जन्मजात दोष, अपघात, वक्रता किंवा स्थूलपणामुळे चरबीत बुडालेला अवयव या बाबी निराळ्या. त्या युरॉलॉजिस्टकडेच पाठवाव्यात. ताठरतेचीच तक्रार असेल तर मधुमेह, रक्तदाब व धूम्रपान यांचा शोध घ्यावा. ही तक्रार पुढील हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. मनातून न्यूनगंड जातच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचे साह्य घ्यावे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू करून कामजीवनाविषयी मराठीत निःसंकोच बोलण्याचा पायंडा पाडला. एवढ्या वर्षांनंतरही आपला रुग्ण हा प्रश्न दारापाशीच विचारतो. त्याला परत बोलावून खुर्चीवर बसवावे, दार लोटून घ्यावे आणि दहा मिनिटे द्यावीत. पुष्कळदा तेवढ्यानेच शस्त्रक्रिया टळते.