जपानची सप्तशाक पेया

पथ्य सांगणे वैद्याच्या हाती असते. ते पाळले जाणे त्याच्या हाती नसते. वमन-विरेचन उत्साहाने करून घेणारा रुग्णही त्यानंतरच्या संसर्जन क्रमाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कंटाळतो, हा चिकित्सालयातील नित्याचा अनुभव आहे. ‘रोज पेजच का?’ या प्रश्नाला शास्त्राधाराने उत्तर देता येते. परंतु त्या उत्तराने पेज रुचकर होत नाही. अशा वेळी एखादा समाज ठरावीक दिवशी, वैद्याने न सांगता, आनंदाने पेज पितो हे पाहणे उद्बोधक ठरते. अध्यापनाच्या निमित्ताने जपानमधील क्योटो नगरीत आमचे वास्तव्य असताना हा योग आला. ७ जानेवारी रोजी तेथे ‘नानाकुसा-गायु’, म्हणजे सात शाकांची पेज, करण्याची प्रथा आहे. त्याविषयीची काही निरीक्षणे वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

नववर्षाचे गुरू अन्न

या पेजेचे मर्म कळण्यासाठी तिच्या आधीचा आठवडा पाहावा लागतो. नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत शक्यतो चूल पेटवू नये, असा जुना संकेत आहे. त्यामुळे ‘ओसेचि’ या नावाने ओळखले जाणारे पदार्थ आधीच करून, एकावर एक रचलेल्या लाखेच्या डब्यांत भरून ठेवतात. पाकातील काळे सोयाबीन, परतून पाकवलेले लहान सुके मासे, समुद्रशैवालाच्या गुंडाळ्या, रताळे व चेस्टनट यांचा गोड लगदा अशी त्यांची मांडणी असते. टिकण्यासाठी साखर आणि सोयासॉस सढळ हाताने वापरतात. जोडीला ‘मोचि’, म्हणजे चिकट तांदूळ वाफवून व कुटून केलेले गोळे, सारात घालून खातात. क्योटोत हे सार पांढऱ्या मिसोचे असते. मोचि इतकी गुरू व पिच्छिल असते की, ती घशात अडकून वृद्धांच्या बाबतीत दुर्घटना घडतात आणि टोकियोचे अग्निशमन दल त्याविषयी सावधगिरीच्या सूचना देते.

वर्षारंभी ‘ओतोसो’ हे औषधी मद्यही घेतात. दालचिनी, संत्र्याच्या जातीच्या फळाची साल, आपल्या तिरफळाचे भावंड शोभणारे ‘सान्शो’ इत्यादी द्रव्ये त्यात भिजवलेली असतात. प्याला घरातील सर्वांत लहान व्यक्तीपासून थोरांकडे जातो. आसवारिष्टांशी नित्य परिचय असलेल्या आपणांस हे पाहून जवळीक वाटल्याखेरीज राहत नाही.

हेमंत-शिशिरात अग्नी प्रबळ असतो, म्हणून गुरू आहार सोसतो, हे खरे. तथापि गुरू, शीत आणि मधुर अन्नाच्या सततच्या सेवनाने प्रबळ अग्नीही मंदावतो. अशा वेळी सातवा दिवस उजाडतो.

सात शाक आणि एक संदिग्ध नाव

आमच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी ६ तारखेच्या सायंकाळी आम्हांस स्वयंपाकघरात बोलावले. फळीवर पाने ठेवून, सुरीचा ताल धरून त्या एक जुने गाणे गुणगुणत ती चिरीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीच्या भांड्यात एक भाग तांदूळ व सात भाग पाणी मंद आचेवर शिजले. पाने अगदी शेवटी पडली. मसाला म्हणून केवळ चिमूटभर मीठ. वाटी पुढे करीत बाई म्हणाल्या, “आज पोटाला विसावा.” लंघनाचे प्रयोजन इतक्या थोडक्यात सांगणे आम्हांस आजवर साधलेले नाही.

सात शाकांची नावे अशी : सेरी, नाझुना, गोग्यो, हाकोबेरा, होतोकेनोझा, सुझुना आणि सुझुशिरो. सेरी ही पाणथळ जागी वाढणारी, धने-ओव्याच्या कुळातील सुगंधी वनस्पती. नाझुना मोहरीच्या कुळातील. सुझुना म्हणजे सलगम आणि सुझुशिरो म्हणजे मुळा. यांपैकी मुळ्याने आमचे विशेष लक्ष वेधले. तो बोटाएवढा, पाल्यासह वापरलेला होता. चरकाचार्यांनी कोवळा मुळा दोषहर व जून मुळा त्रिदोषकर म्हटले आहे. तेथील गृहिणीने ग्रंथ वाचलेला नाही. परंतु या पेजेत कोवळाच मुळा घालायचा, हे तिला पक्के ठाऊक आहे.

होतोकेनोझाची कथा आपल्याकडील संदिग्ध द्रव्यांची आठवण करून देते. पेजेत पडणारी वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. आज मात्र हेच नाव तुळशीच्या कुळातील एका निराळ्या रानवनस्पतीला रूढ झाले आहे आणि ती पेजेत घालायची नसते. नुसत्या नावावर विसंबून रानातून पाने खुडणारा फसतो. रास्ना व शंखपुष्पी यांच्याविषयीचे वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे.

पेयेचे कुल

नवीन वर्षाच्या सातव्या दिवशी सात शाकांचे सार करण्याची चाल मूळची चीनमधील असून, सहाव्या शतकातील चिनी ग्रंथात तिचा उल्लेख आहे. जपानमध्ये तिला आधीपासूनच्या, बर्फातून डोकावणारी कोवळी पाने खुडण्याच्या चालीची जोड मिळाली. इ. स. १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या राजदरबारी लेखिकेने आपल्या ‘माकुरा नो सोशि’ या ग्रंथात सप्तमीच्या या शाकांचा उल्लेख केला आहे.

पेजेच्या गौरवाचा एक धागा मात्र थेट भारतात पोहोचतो. पाली विनयपिटकाच्या महावग्गात बुद्धांनी ‘यागू’चे दहा लाभ सांगितले आहेत. यागू म्हणजे आपली यवागूच. क्षुधा-तृष्णा शमविणे, वाताचे अनुलोमन, बस्तिशोधन व अपक्व अन्नशेषाचे पचन हे त्यांतील काही लाभ. चरकाने वर्णिलेल्या पेयेच्या गुणांशी हे ताडून पाहावेत. साम्य सहज ध्यानी येते. जपानच्या झेन मठांत प्रातःकाळच्या पेजेपूर्वी या दहा लाभांचे स्मरण आजही केले जाते.

तेथील रुग्णालयांतही हा विचार दृढ आहे. शस्त्रकर्मानंतर प्रथम गाळलेले मंडासारखे पाणी, मग अतिपातळ पेज, मग मध्यम, मग घट्ट आणि शेवटी भात, अशा पायऱ्यांनी आहार वाढवितात. घट्ट पेजेस तांदळाच्या पाचपट, तर मध्यम पेजेस दहापट पाणी घेतात. शार्ङ्गधराने विलेपीस चौपट व पेयेस चौदापट जल सांगितले आहे. प्रमाणे निराळी, क्रम एकच. तेथील रुग्ण या क्रमाविषयी तक्रार करीत असल्याचे आमच्या ऐकिवात आले नाही, कारण पेज त्याने बालपणापासून सणाला आणि आजारपणाला आवडीने खाल्लेली असते.

पंचांग सरकले, ऋतू राहिला

तथापि या प्रथेत एक व्यंग शिरले आहे. १८७३ साली जपानने जुने चांद्र-सौर पंचांग सोडून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली. तोपर्यंत पहिल्या मासाची सप्तमी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर या काळात येई. बर्फ वितळू लागे, शेताच्या बांधावर पाने फुटत आणि वसंताच्या उंबरठ्यावर ती लघू शाके पोटात जात. आता ७ जानेवारीस अनेक ठिकाणी जमीन गोठलेली असते. त्यामुळे हरितगृहात वाढविलेल्या सात शाकांची तयार पेटी बाजारातून आणतात. अतिभोजनानंतरचा विसावा टिकला. ऋतूशी असलेले नाते मात्र सैल झाले.

उत्तरेकडील आओमोरी प्रांताचे उदाहरण याउलट आहे. तेथे दाट बर्फामुळे पाने मिळतच नाहीत. म्हणून तेथील लोक जानेवारीच्या मध्यास मुळा, गाजर, बर्डॉकचे मूळ आणि साठवलेल्या रानभाज्या बारीक चिरून ‘केनोशिरु’ नावाचे सार करतात. द्रव्ये बदलली, प्रयोजन राखले. देश आणि काल पाहून योजना करणे ते हेच.

आपण काय घ्यावे?

जपानी शाके मागवून येथे पेज करावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. भोगीची मिश्र भाजी व तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पाडव्याचा कडुनिंब, कोकणातील सकाळची पेज हे आपले धन आहे. आता भोगीच्या भाजीचीही चिरलेली पाकिटे मिळतात. त्यांतील पावटा, हरभरा, वांगी या वेळीच का, हे सांगणारी पिढी मात्र विरळ होत आहे. ते सांगण्याचे काम वैद्याचे आहे.

दुसरी सूचना चिकित्सेविषयी आहे. संसर्जन क्रम एकट्या रुग्णावर लादला की ती शिक्षा वाटते. निदान एक वेळ तरी घरच्या सर्वांनी त्याच्यासमवेत पेज घ्यावी, असे पत्रकावर लिहून द्यावे आणि ती कशी करावी हे गृहिणीस प्रत्यक्ष दाखवावे. आम्ही परतल्यापासून असे करीत आहोत. सर्वांच्या वाटीत तीच पेज असली की रुग्णाचा ‘का?’ हा प्रश्न बहुधा उमटत नाही.