जाहिरातीतील शेतकरी आणि विडंबनातील शेतकरी

माल विकावयाचा असेल तर वेष्टनावर शेतकऱ्याचे चित्र छापावे, ही रीत आपल्या व्यापारी घरांस नवी नाही. डाळीच्या पोत्यावर, तुपाच्या डब्यावर, गुळाच्या पुडीवर तो हसतमुखाने उभा असतो. हे चित्र किती खरे, असा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. अमेरिकेत मात्र २०१३ साली तो जाहीरपणे विचारला गेला.

त्या वर्षी ३ फेब्रुवारीला ‘सुपर बोल’ या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात ‘रॅम’ ट्रकची दोन मिनिटांची जाहिरात दाखविण्यात आली. तेथे तीस सेकंदांसाठीच सुमारे ४० लाख डॉलर मोजावे लागत होते. एवढ्या महाग वेळात ना नाच, ना विनोद. केवळ स्थिर छायाचित्रे. सुरकुतलेले चेहरे, बर्फातील गाय, मातीने माखलेले हात. मागे आवाज होता नभोवाणीवरील प्रसिद्ध निवेदक पॉल हार्वे यांचा. त्यांनी हे भाषण १९७८ साली तरुण शेतकऱ्यांच्या अधिवेशनात केले होते, आणि जाहिरात आली तेव्हा त्यांच्या निधनास चार वर्षे होत आली होती. सृष्टी निर्माण केल्यावर तिची राखण करणारा हवा, म्हणून देवाने शेतकरी घडविला, अशी त्या भाषणाची कल्पना. अनेकांचे डोळे पाणावले.

आक्षेपही लगोलग आले. छायाचित्रांतील माणसे बहुतांशी गोरी होती. अमेरिकेच्या शेतांत पीक काढणारे मजूर मात्र मोठ्या संख्येने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. त्यांचीच छायाचित्रे घेऊन, त्याच भाषणावर बेतलेली प्रत्युत्तरे तयार झाली. ‘फनी ऑर डाय’ या विनोदी संस्थेने तर तोच घाट ठेवून देवाकडून कारखानदार शेतकरी घडवून घेतला: जनावरांना दाटीवाटीने कोंडणारा, नफ्याचेच गणित मांडणारा. विडंबन बोचरे होते. पण तेही एकांगीच होते, असे मला वाटते. एकाने शेतकऱ्यास संत केले, दुसऱ्याने खलनायक. कर्जाचा हप्ता आणि पडलेला भाव यांत अडकलेला साधा गृहस्थ दोन्हीकडून निसटला.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ‘चिपोटले’ या उपाहारगृहांच्या साखळीने एक सुंदर चित्रपट्टी काढली. कारखान्यात राबणारे एक बुजगावणे खिन्न होऊन घरी येते, परसातील मिरची तोडते आणि ताज्या अन्नाचे स्वतःचे दुकान मांडते. यावरही विडंबन आले. दीड हजार उपाहारगृहे चालविणारी कंपनी स्वतःस एकट्या बुजगावण्याच्या रूपात दाखवते, ही भावनेची फसवणूक नव्हे काय, असा त्याचा रोख होता. व्यापार जाणणाऱ्यास हा मुद्दा पटावा. मोठे होण्यात गैर काही नाही; लहान असल्याचे सोंग का घ्यावे?

कॅन्ससमधील तीन शेतकरी भावांनी २०१२ मध्ये निराळीच वाट धरली होती. एका गाजलेल्या नृत्यगीताचे विडंबन त्यांनी स्वतःच रचले आणि गुरांना चारा घालताना, ट्रॅक्टर चालवताना स्वतःच त्यावर नाचले. लक्षावधी लोकांनी ते पाहिले. त्यात कोणाची टिंगल नव्हती, करुणाही नव्हती. चित्र काढणारा आणि चित्रातील माणूस येथे एकच होता, म्हणून त्यास वेगळी चव आली.

आपल्या देशात याचे जुने उदाहरण आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ चा चित्रपट गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. पुढे त्याचेच गीत ‘अमूल’च्या जाहिरातीत वाजले. तोही शेवटी मालच विकत होता. पण ज्यांच्या नावाने विकला जाई, ते त्या सहकारी संस्थांचे सभासद होते. चित्रपट लागला तेव्हा हे भांडवलदार आपले चित्र पाहावयास ट्रक भरभरून शहरांत आले होते.