एका शतकाचा वंशविस्तार

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या पाण्याने जिरायती मुलूख बागायती होऊ लागला, तेव्हापासूनचा नगर जिल्ह्याचा इतिहास सहकाराच्या अंगाने पुष्कळदा लिहिला गेला आहे. परंतु पिकांच्या व जनावरांच्या प्रजननाचा धागा धरून त्याच शतकाचा मागोवा घेतला, तर या मुलखाच्या बरकतीचे मर्म अधिक स्पष्ट होते.

वंश चालविण्याच्या निसर्गाच्या रीती मुख्यतः दोन. पहिली मीलनावाचून चालणारी: दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की डोळा फुटून जे बेट उभे राहते, ते मूळ उसाचीच हुबेहूब प्रत असते, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रवरेच्या कारखान्याला एकसारखा ऊस मिळाला तो याच रीतीने. तथापि बेणे म्हणून लावलेल्या ‘को’ वाणांचा उगम मात्र मीलनातच होता. कोइमतूर येथे बार्बर व वेंकटरमण यांनी गोड उसाचा रानटी काशाशी संकर घडवून त्या परंपरेचा पाया घातला.

दुसरी रीत बाजरीची. तिच्या कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकोश मागाहून. त्यामुळे स्वतःचे पराग तयार होण्यापूर्वीच वारा शेजारच्या ताटाचे पराग आणून पोचवितो, आणि रानातले प्रत्येक ताट दुसऱ्याहून किंचित निराळे निपजते. १९६५पासून आलेल्या संकरित बाजरीने उत्पन्न वाढविले खरे, पण त्या वाणांची माता एकच, अमेरिकेतून आणलेली ‘टिफ्ट २३ ए’, असल्याने १९७०नंतरच्या दशकात गोसावी रोगाने त्यांना झोडपून काढले. १९६८ साली राहुरीस स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘श्रद्धा’, ‘सबुरी’ हे वाण दिले. त्याच विद्यापीठाने गीर, जर्सी व होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय सिद्ध केली, आणि कृत्रिम रेतनाने एकाच वळूचा वंश गावोगाव पसरण्याची सोय झाली.

या सोयीतच धोकाही आहे. कारण सारे सारखे झाले की एकच रोग साऱ्यांना पुरतो. म्हणून अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी देशी वाणांची बियाणे बँक उभारणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री, आणि त्याच डोंगरपट्टीत अतिवृष्टीला टिकून राहिलेली डांगी गाय, यांचे मोल मला कोणत्याही विक्रमी उत्पन्नाहून कमी वाटत नाही: उद्याचा संकर घडवायचा, तर आज दोन भिन्न वंश जिवंत राखलेच पाहिजेत.