भानामतीच्या घरातलं अबोध मन

मराठवाड्यातल्या एखाद्या घरावर भानामती झाली असं गाव म्हणू लागतं, तेव्हा घडणाऱ्या गोष्टी बहुधा ठरलेल्या असतात. दांडीवरचे कपडे पेट घेतात, ताटात माती पडते, पत्र्यावर दगड येतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. कधी गावातल्या बायका एकीमागून एक भुंकू लागतात. मग देवऋषी येतो, करणी कुणाची ते सांगतो आणि भावकीतलं एखादं घर वाळीत पडतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा घरांत जाऊन केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. कपडा आपोआप पेटत नाही, पेटवणारा हात माणसाचा आणि बहुधा त्याच घरातला असतो, हे कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा शोधून काढलं. तो हात अनेकदा घुसमटलेल्या माणसाचा निघतो. कधी नुकती नांदायला आलेली सून, कधी शाळा सुटलेली पोर. तिचं नाव चारचौघांत न सांगण्याची रीत समितीने पाळली, यात मोठी समज आहे. कारण हात सापडला तरी प्रश्न उरतोच: आपण काय करतो आहोत हे तिला ठाऊक होतं का? काहीजणी जाणूनबुजून करतात. काहींना अंधुक आठवतं. काही मनापासून नाही म्हणतात आणि खोटं बोलत नसतात.

मनोविश्लेषणाचा, म्हणजे आपलं आपल्यालाच ठाऊक नसलेलं अबोध मन शोधण्याचा, जन्म याच प्रश्नातून झाला. व्हिएन्नात १८८० साली वडिलांची शुश्रूषा करता करता बर्था पापेनहाइम ही तरुणी आजारी पडली. तिचा उजवा हात लुळा पडला, पाणी घशाखाली उतरेना, मातृभाषा जर्मन असून ती इंग्रजीच बोलू लागली. डॉ. जोसेफ ब्रॉयर तिचं ऐकत बसत आणि बोलता बोलता काही लक्षणं सुटत. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली ‘आना ओ.’ या नावाने ही हकिगत छापली. सगळं बोलण्याने बरं झालं नाही. पुढे तिला रुग्णालयात राहावं लागलं. त्यातून सावरून तिने स्त्रियांसाठी आयुष्यभर काम केलं, हेही सांगायला हवं.

भुताखेतांकडे फ्रॉइड थेट वळला तो १९२३ साली. सतराव्या शतकातल्या क्रिस्टोफ हाइत्समान या चित्रकाराने वडील गेल्यानंतर सैतानाशी करार केल्याची कागदपत्रं त्याने वाचली आणि ज्याला त्या काळी सैतान म्हणत, त्याच्यात त्याला दाबून टाकलेल्या इच्छा दिसल्या. जुन्या काळाने ज्यांना बाहेर उभं केलं, त्या आत राहतात, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे ‘बाहेरचं आहे’ म्हणतात, तिथे हे वाचण्याजोगं आहे.

पण आत काय आहे ते शोधून रुग्णाला सांगून टाकलं की झालं, असं हे काम नाही. फ्रॉइडला हे डोराने शिकवलं. ही तरुण मुलगी १९०० साली त्याच्याकडे आली. त्याने तिच्या स्वप्नांचे अर्थ भराभर लावले, ते तिच्यापुढे मांडले आणि सुमारे अकरा आठवड्यांत वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती निघून गेली. तिच्या आयुष्यातल्या पुरुषांवरचा राग ती आपल्यावर काढते आहे हे वेळेवर ओळखलं नाही, असं त्याने १९०५च्या लेखात कबूल केलं. तेव्हापासून या कामाचं केंद्र सरकलं. अबोध मन रुग्णाच्या बोलण्यात सापडतं तसंच ते उशिरा येण्यात, गप्प बसण्यात, फी विसरण्यात आणि समोरच्याला बाप, सासू किंवा देव मानण्यात प्रत्यक्ष घडत असतं. ऐकणाऱ्यालाही अबोध मन असतं. आपल्या मनात उमटणारी चीड किंवा कीव रुग्णाविषयी काही सांगते का, हा विचार मनोविश्लेषक पॉला हायमानने १९५० साली ठामपणे मांडला.

भारतात हे शास्त्र लवकर आलं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात संस्था काढली. फॅसिस्ट इटलीतून निघालेले मनोविश्लेषक एमिलिओ सेर्वादिओ काही काळ मुंबईत होते. पण हे शहरी शिकलेल्यांपुरतंच राहिलं. खेड्यातल्या मनाकडे वळले ते मनोविश्लेषक सुधीर कक्कर. राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीला येणाऱ्या ‘बाधित’ बायकांविषयी त्यांनी १९८२च्या पुस्तकात लिहिलं: एरवी सून जे बोलूच शकत नाही, ते तिच्या अंगातलं भूत बोलतं. मानववंशशास्त्रज्ञ वीडा स्कल्टन्स यांना महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात वेगळंच आढळलं. घरातला मुलगा किंवा नवरा आजारी, आणि त्याची पीडा आपल्यावर घ्यावी म्हणून घुमतात त्या त्याच्या आई-बायका. त्यांचा हा अभ्यास १९८७चा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात जयदेववाडीचं जाळीचा देव हे महानुभावांचं ठाणं आहे. तिथे पायऱ्यांवर बसलेल्या कुटुंबांकडे मी आता या अभ्यासाच्या नजरेने पाहतो. आजार एकाच्या नावावर असतो, सोसणं वाटून घेतलेलं असतं.

जालना ही समर्थांची भूमी. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावात जन्मलेल्या रामदासांनी २०५ श्लोकांत मनाशी संवाद केला; ती मनाला दिलेली शिकवण आहे. तिची गरज मी नाकारत नाही. पण ऊसतोडीला जोडी हवी म्हणून लवकर लग्न झालेल्या पोरीला ‘मन घट्ट कर’ हे घरातला प्रत्येकजण आधीच सांगून चुकलेला असतो.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यात ३६५ खाटांच्या रुग्णालयाला मंजुरी मिळाली. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण गुन्हा ठरली, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आली. हे सगळं हवंच होतं. औषधंही हवीत, तीव्र मनोविकारात त्यांना पर्याय नाही. पण नव्या इमारतीत खाटांइतकाच विचार बोलण्याच्या खोलीचा व्हावा. तिथे मराठवाडी बोली समजणारे समुपदेशक असावेत, आठवड्याला एकदा ज्येष्ठ चिकित्सकापुढे बसून त्यांनी रुग्णांइतकीच स्वतःच्या मनाचीही चर्चा करावी, आणि सुनेबरोबर आलेल्या सासूलाही आत बोलवावं, आधी वेगळं आणि मग दोघींना एकत्र.