सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज औषध का लागते?

बार्शीटाकळी असो वा विदर्भातले दुसरे कुठले गाव, सिकलसेलचे बाळ जन्मताना इतर बाळांसारखेच दिसते. पहिले काही महिने रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. ते ओसरले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातापायांना सूज येऊन बाळ कळवळून रडते, ही अनेकदा पहिली खूण असते.

पेनिसिलिन कशासाठी?

या आजारात प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकस जंतूंचा संसर्ग जिवावर बेततो. रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्यास असा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. म्हणून हे औषध साधारण पाच वर्षांपर्यंत देतात. न्यूमोकोकलची लसही चुकवू नये.

हायड्रॉक्सियुरिया काय करते?

हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १८ महिन्यांच्या बाळांनाही त्याचा फायदा झाला. नागपुरात मुलांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही झटके घटले.

‘हे तर कॅन्सरचे औषध’ म्हणून पालक घाबरतात. ते काही कॅन्सरमध्येही वापरतात हे खरे. पण सिकलसेलमध्ये मात्रा वजनावर बेतलेली असते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात, म्हणून ठरलेल्या वेळी रक्त तपासावेच लागते. कॅप्सूल घरी फोडून अंदाजाने देऊ नये. एखादा डोस चुकला तर दुप्पट देऊ नये. गुण यायला काही महिने लागतात, आणि मूल बरे दिसते म्हणून औषध थांबवले की त्रास परततो.

घरी काय पाहावे?

डॉक्टरांनी सांगितलेली फॉलिक ॲसिडची गोळी द्यावी. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पाणी वारंवार पाजावे; शरीर कोरडे पडले की पेशी जास्त वाकतात. १०१ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, धाप, अचानक फिकटपणा किंवा पोटात डावीकडे फुगवटा दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पेनिसिलिन सुरू असले तरीही.